गाडी, वीज आणि नियम यांवर मत बनवण्याआधी हद्द कशी आखायची

माझं काम ऊर्जा लेखापरीक्षणाचं. एखाद्या कारखान्यात किंवा मोठ्या इमारतीत जायचं, तिथे वीज, डिझेल, गॅस किती आत येतो ते पाहायचं आणि त्यातलं कुठे किती खर्ची पडलं याचा हिशेब लावायचा. या कामात मीटर नंतर निघतो. आधी कागदावर हद्द आखायची असते: हिशेब कुठे सुरू होणार, कुठे संपणार, बॉयलर धरायचा तर त्याचा पाणी चढवणारा पंप धरायचा की नाही. हद्द ठरली नसेल तर दोन प्रामाणिक माणसं एकाच यंत्राचे दोन वेगळे आकडे सांगतात, आणि दोघांचेही बरोबर असतात.

इलेक्ट्रिक गाडी चांगली की पेट्रोलची, सौरऊर्जा पुरेल का, सरकारने गाड्यांवर इतके नियम लादावेत का, हे वाद ऐकताना मला नेमकं हेच दिसतं. माणसं मतावरून भांडताहेत असं वाटतं, पण भांडण बहुतेक वेळा न आखलेल्या हद्दीवरून असतं. ती कशी आखायची ते इथे लिहिते. कागद, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी दावा तपासता येईल असा करा

‘इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणाला चांगली’ हे वाक्य तपासता येत नाही, कारण त्यात मोजण्यासारखं काहीच नाही. ‘ही गाडी १०० किलोमीटर चालवली तर त्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड हवेत जातो’ हे तपासता येतं. दावा तुमचा असो की समोरच्याचा, तो अशा एका वाक्यात कागदावर उतरवा. त्यात एकक हवं आणि कशाशी तुलना आहे तेही हवं. दावा करणाऱ्याला एकक विचारलं आणि तो गडबडला तर तिथे थांबा, पुढे वाद घालण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांत. किलोवॉट म्हणजे नळाची धार किती जोरात आहे ते. किलोवॉट-तास, म्हणजेच आपण ज्याला युनिट म्हणतो ते, म्हणजे बादलीत एकूण पाणी किती जमलं ते. ‘१०० मेगावॉटचा सौर प्रकल्प’ आणि ‘१०० मेगावॉटचं अणुवीज केंद्र’ यांची धार कागदावर सारखी. पण वर्षाच्या बादलीत सौर प्रकल्प त्याच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण १५ ते २५ टक्के वीज टाकतो आणि नीट चालणारं अणुकेंद्र ८० ते ९० टक्के. यावरून सौर वाईट असं मी म्हणत नाही. पण बातमीत फक्त मेगावॉट दिले असतील तर अर्धीच माहिती दिली आहे, हे लक्षात ठेवा.

काही आकडे पाठ असू द्या, मला ते जवळजवळ रोज लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, डिझेलमध्ये १०. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा २.७ किलोच्या आसपास. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे ०.९ ते १ किलो, गॅसच्या विजेचं ०.४ ते ०.५ किलो. वारा, सूर्य आणि अणुऊर्जा यांचा आकडा प्रकल्प बांधताना निघणारा कार्बन धरूनही दहा ते पन्नास ग्रॅमच्या घरात राहतो.

पाऊण किलोच्या आसपास भरणाऱ्या एका लिटर पेट्रोलमधून २.३ किलो वायू कसा निघेल, अशी शंका मला वारंवार विचारली जाते. शंका चांगली आहे. पेट्रोलचा बहुतेक भाग कार्बन असतो. जळताना त्यातला प्रत्येक १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. जास्तीचं वजन हवेतून येतं.

आता हद्द आखा, आणि ती एकेक पाऊल मागे सरकवा

वरचाच दावा घेऊ. पेट्रोलची गाडी १०० किलोमीटरला ६.५ लिटर खाते असं धरा. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतून १७ युनिट घेते आणि चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतल्या मीटरवर ते १९ दिसतात. हे सर्वसाधारण आकडे आहेत, तुमच्या गाडीचे असतील तर ते घाला.

पहिली हद्द: फक्त गाडी. पेट्रोलचे ६.५ गुणिले ९, म्हणजे ५८ युनिट. विजेचे १९. इलेक्ट्रिक गाडीला एक तृतीयांश ऊर्जा पुरते. कारण यंत्रात आहे. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला एक वरची मर्यादा असते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवलं. आजची उत्तम पेट्रोल इंजिनं त्यांच्या सर्वांत सोयीच्या वेगाला आणि भाराला ४० टक्क्यांच्या आसपास पोचतात. गर्दीत थांबत-सुटत चालताना त्यांची कार्यक्षमता बरीच घसरते. विजेची मोटर ९० टक्के सहज ओलांडते.

इलेक्ट्रिक गाडीचे चाहते इथेच थांबतात.

दुसरी हद्द: गाडी आणि वीज केंद्र. कोळशाचं केंद्र कोळशातल्या उष्णतेपैकी ३३ ते ४० टक्केच विजेत बदलतं. म्हणजे १९ युनिटांसाठी ४८ ते ५८ युनिटांची उष्णता जाळावी लागते. एक तृतीयांश ऊर्जेत भागण्याचा फायदा जवळपास पुसला गेला. कार्बनचंही पाहू. पेट्रोलचे ६.५ गुणिले २.३, म्हणजे १५ किलो, आणि तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यांचा साधारण पाचवा हिस्सा त्यावर चढवला की १८ किलो. निव्वळ कोळशाच्या विजेवर इलेक्ट्रिक गाडीचे १९ गुणिले ०.९५, म्हणजे १८ किलो. बरोबरी! पण वीज मिश्र असेल, म्हणजे कोळशाबरोबर सूर्य, वारा, अणुऊर्जा यांचीही असेल, समजा युनिटला सरासरी ०.४ किलो, तर हाच आकडा साडेसात किलोवर येतो.

इलेक्ट्रिक गाडीचे विरोधक ‘कोळशाची वीज’ या शब्दांवर थांबतात.

तिसरी हद्द: कारखान्यापासून. बॅटरी बनवायला ऊर्जा लागते. क्षमतेच्या प्रत्येक युनिटामागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हा वापरण्याजोगा अंदाज आहे, मधला ८० धरू. ६० युनिटांच्या बॅटरीचे झाले ४,८०० किलो. मिश्र विजेवर दर १०० किलोमीटरला साधारण १० किलो वाचतात, म्हणजे ४८,००० किलोमीटर चालल्यावर बॅटरीचं कर्ज फिटतं आणि पुढचं सगळं जमेला. निव्वळ कोळशावर ते कधीच फिटत नाही. बॅटरी निम्म्या आकाराची घेतली तर ते निम्म्या अंतरात फिटतं. म्हणून मी मोठ्या बॅटरीचा आग्रह धरणाऱ्यांना नेहमी विचारते: रोज किती किलोमीटर जाता?

या हिशेबातून माझं मत असं झालं आहे: वीज थोडीफार मिश्र असली तरी जास्त चालणाऱ्या गाडीसाठी इलेक्ट्रिक हाच बरोबर पर्याय आहे. वीजजाळं दर वर्षी थोडं स्वच्छ होत गेलं की आधी विकलेली इलेक्ट्रिक गाडीही त्याबरोबर स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीचा लिटरमागे २.३ किलो हा आकडा मात्र जन्मभर तोच राहतो. आणि जिथे सगळी वीज कोळशाची आहे तिथे आधी वीज केंद्राकडे बोट दाखवा, गाडीकडे नंतर.

तुम्ही वेगळ्या मतावर पोचलात तरी चालेल. कोणत्या हद्दीत उभे राहून बोलताय ते मात्र सांगा.

आणखी दोन हद्दी लोक विसरतात. एक जागेची: विजेची गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या नाकात धूर सोडत नाही, कोळशाचा धूर दूरच्या केंद्रापाशी निघतो. तो नाहीसा झालेला नाही, तिथेही माणसं राहतात. टायर झिजून उडणारी धूळ दोन्ही गाड्यांना आहे, आणि जड गाडीला ती जास्त. दुसरी हद्द काळाची. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती लोकांनी जास्त ठिकाणी वापरली. प्रवास स्वस्त झाला की माणूस जास्त फिरतो. बचतीचा कुठलाही आकडा पाहताना ‘मग वापर किती वाढला’ हा प्रश्न शेजारी लिहा.

हायड्रोजनच्या गाडीला हीच पद्धत लावली की निकाल लवकर लागतो. वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढा, तो दाबून भरा, गाडीत त्याची पुन्हा वीज करा: सुरुवातीच्या विजेतला चाकापर्यंत पोचणारा वाटा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी. बॅटरीत तो ७० टक्क्यांच्या पुढे. छोट्या गाडीसाठी हायड्रोजनवर माझा विश्वास नाही. पोलाद आणि खत बनवताना त्याला तोड नाही, तिथे त्याची हद्दच वेगळी आहे.

आपल्या गाडीचा आकडा आपणच काढा

माहितीपत्रकातल्या आकड्यावर भांडण्यापेक्षा मोजलेलं बरं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीची टाकी पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ओडोमीटर टिपून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशीच, नोझल पहिल्यांदा बंद होईल तिथपर्यंत भरा. भरलेले लिटर आणि मधलं अंतर यांचा भागाकार हा तुमचा आकडा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. लागोपाठ काही टाक्यांची बेरीज करून मग भागा.

इलेक्ट्रिक गाडीत बहुतेक जण डॅशबोर्डवरचा आकडा धरतात. तो बॅटरीतून निघालेली वीज सांगतो. बिल मात्र भिंतीतून निघालेल्या विजेचं येतं, आणि साध्या चार्जिंगमध्ये या दोन्हींत १० टक्के किंवा त्याहून थोडा जास्त फरक पडू शकतो. चार्जरच्या आधी एक मीटर बसवून घ्या आणि त्यावरची नोंद धरा.

एका चार्जमध्ये किती अंतर, हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरतो. त्या चाचणीच्या पद्धतीही बदलतात. युरोपात २०१७ पर्यंत एनईडीसी नावाची जुनी पद्धत होती. तिच्यात वेग वाढवणं इतकं हलकं होतं की तसं गाडी कुणीच चालवत नाही. त्यानंतर आलेली डब्ल्यूएलटीपी पद्धत रस्त्याच्या अधिक जवळची आहे, तरी सलग मोठ्या वेगाचा प्रवास तिच्यातही पुरता उतरत नाही. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं आधी पाहा.

आणि वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात की वेग एक चतुर्थांशाने वाढतो, हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी. ‘कंपनीने फसवलं’ असं म्हणण्याआधी तोच रस्ता ८० ने करून पाहा. थंडीतही अंतर घटतं: पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता माणसांना ऊब देते, इलेक्ट्रिक गाडीला ती ऊब बॅटरीतून काढावी लागते.

नियमाबद्दल बोलण्याआधी नियमाची हद्द वाचा

नियम म्हणजे कुणीतरी आखलेली हद्दच असते. हे मला शिसं घातलेल्या पेट्रोलच्या इतिहासातून सगळ्यात स्पष्ट दिसलं, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते.

१९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये थोडंसं मिसळलं की इंजिनाची ठोकर, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड, थांबते. ठोकर थांबली की इंजिनात जास्त दाब वापरता येतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. हद्द इंजिनाभोवती आखली तर हा उत्तम शोध होता. १९२४ मध्ये अमेरिकेत हे संयुग बनवणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. पुढच्या वर्षी सरकारी पातळीवर चर्चा झाली आणि विक्री पुन्हा सुरू झाली, कारण मरणारे कामगार होते, ग्राहक नव्हेत. धुराड्यातून बाहेर पडलेलं शिसं कुणाच्याच हिशेबात नव्हतं. पृथ्वीचं वय ठरवणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या मोजमापात सगळीकडून शिसं मिसळतंय असं आढळलं. ते कुठून येतं याचा त्यांनी छडा लावला आणि १९६० च्या दशकात उघडपणे सांगितलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. त्याची पूर्तता करायला १९७५ च्या मॉडेलांपासून गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि शिसं त्या कन्व्हर्टरचा पृष्ठभाग निकामी करतं, म्हणून शिसंविरहित पेट्रोल पंपावर ठेवणं भाग पडलं. मग एकेका देशाने शिसं घातलेलं पेट्रोल बंद केलं. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये ते थांबलं. शोधापासून शंभर वर्षं! इंजिनाभोवतीची हद्द कुणी स्वतःहून सरकवली नाही. कायद्याने ती रस्त्यावरच्या मुलापर्यंत नेली. ‘बाजार बघून घेईल’ हे मत मी मान्य करत नाही ते यासाठी: बाजार हद्दीच्या आतलं फार चांगलं बघतो, बाहेरचं त्याला दिसत नाही.

पण नियमाचीही हद्द चुकते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये गाड्यांच्या इंधनखर्चाचा नियम आणला. त्यात प्रवासी गाड्या आणि हलके ट्रक यांना वेगळी मापं होती, ट्रकांना सैल. पुढे घरगुती वापराच्या एसयूव्ही आणि व्हॅन ‘हलका ट्रक’ या रकान्यात बसल्या आणि लोक त्यांच्याकडे वळले. नियम मोडला कुणीच नाही. म्हणून नियम हातात आला की आधी व्याख्यांचं पान वाचते. कशाला ‘गाडी’ म्हटलंय? मर्यादा प्रत्येक गाडीला आहे की कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला? जुन्या गाड्यांना लागू आहे की फक्त नव्या विकल्या जाणाऱ्यांना? ‘आता माझी गाडी भंगारात’ अशी घबराट पसरते तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी वाचलेलं नसतं.

त्याखालोखाल महत्त्वाचं: मोजणार कुठे आणि कोण? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या विषारी वायूंवरचं नियंत्रण पूर्ण चालू करायचं. रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ऑक्साइड सोडत होत्या, आणि जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं. हे उघड होण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजयंत्र गाडीतच ठेवून ती रस्त्यावर पळवली तेव्हा. युरोपने नंतर रस्त्यावरची चाचणी नियमातच आणली. मर्यादेचा आकडा कितीही कडक असू द्या, ती फक्त प्रयोगशाळेत मोजायची असेल तर मी त्या नियमाला अर्धाच मानते.

नियम आणि मानांकन यांतही फरक करा. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदतीची हाक यांना खरी बटणं किंवा दांडे असतील तरच पूर्ण गुण, असं ठरवलं. लगेच ‘टचस्क्रीनवर बंदी’ अशी बोंब झाली. ही बंदी नाही. कंपनी टचस्क्रीनवाली गाडी विकू शकते, पाच तारे मिळवणं मात्र अवघड जाईल. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण रस्त्यावरून नजर न हटवता बटण बोटाला सापडतं.

आकड्यांनी सुटत नाही ते वेगळं लिहा

हिशेब पूर्ण झाला तरी कागदावर काहीतरी उरतं. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतरांना वापरू दिला. तो जीव वाचवतो यावर वाद नव्हता. तरी तो लावण्याची सक्ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७० मध्ये झाली, आणि पुढे जिथे जिथे सक्ती आली तिथे ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा आक्षेप आला. तो आक्षेप कोणत्याही मीटरवर मोजता येत नाही. तो मूल्याचा प्रश्न आहे. असं काही उरलं की कागदाच्या खालच्या बाजूला रेघ मारा आणि रेघेखाली ते स्वच्छ शब्दांत लिहा: ‘दुसऱ्याच्या श्वासात जाणाऱ्या गोष्टीवर सक्ती मला मान्य आहे’, किंवा ‘मला नाही’. रेघेखालचं मत आकड्यांच्या वेषात रेघेवर आणू नका. आणि समोरच्याने रेघेखालचं सांगितलं तर त्याच्यावर आकडे फेकू नका, त्याला ते का वाटतं ते विचारा.

शेवटी त्याच कागदावर तारीख टाका आणि कोणता आकडा बदलला तर मत बदलेन ते लिहा. माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या कागदावर तिथे दोन ओळी आहेत: विजेच्या एका युनिटामागचा कार्बन, आणि बॅटरीच्या एका युनिटामागचा कार्बन. नवा विश्वासू आकडा हाती आला की जुना खोडते, भागाकार पुन्हा करते आणि नवी तारीख टाकते.